उपासनेतील बेसूर : न्यू इंग्लंडमधील गायनवाद आणि मंडळीचा गळा

ख्रिस्ती धर्माच्या सुधारणावादी शाखेने, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाने, उपासनेतील गाणे निवडक गायकांकडून काढून घेऊन ते चर्चमध्ये जमलेल्या सर्व माणसांच्या स्वाधीन केले, त्या दिवसापासून बेसूर गायन हा या पंथाचा कायमचा सोबती झाला आहे. मैफलीत गायक निवडलेला असतो आणि श्रोता तिकीट काढून आलेला असतो. उपासनेत मात्र जो बाकावर बसला तोच गायक, आणि त्याच्या गळ्याची पारख न करता त्याला गाण्याचा केवळ अधिकारच नव्हे, तर कर्तव्यही नेमून दिलेले असते. हे कर्तव्य बजावताना निघणाऱ्या सुरांविषयी पाळकांनी, संगीतशिक्षकांनी आणि शेजारच्या बाकावरील सोशिक उपासकांनी गेल्या साडेचार शतकांत ज्या तक्रारी केल्या आहेत, त्यांतील बहुतेक विनोद म्हणून वाचल्या जातात. परंतु अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेतील न्यू इंग्लंड या प्रदेशात याच तक्रारीवरून असा वाद पेटला की त्यात मंडळ्या दुभंगल्या, सभासद निलंबित झाले आणि पुस्तिकांमागून पुस्तिका छापल्या गेल्या. ‘मंडळी’ हा शब्द येथे मराठी ख्रिस्ती परंपरेतील अर्थाने, म्हणजे एका चर्चमध्ये एकत्र उपासना करणाऱ्या सभासदांचा समुदाय या अर्थाने वापरला आहे. वाईट गाणे म्हणजे नेमके काय, ते कोणी ठरवायचे आणि त्यावर उपाय करताना काय गमवावे लागते, या तिन्ही प्रश्नांसाठी त्या वादाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण असल्यामुळे प्रस्तुत व्याख्यान मुख्यतः त्याच्याभोवती फिरते.

पार्श्वभूमी थोडी मागून सुरू होते. चौथ्या शतकातील लाओदिकिया येथील धर्मपरिषदेने चर्चमध्ये नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी गाऊ नये असा नियम केला होता, आणि मध्ययुगात पश्चिम युरोपमध्ये उपासनेचे गायन प्रामुख्याने मठवासी, धर्मगुरू आणि प्रशिक्षित वृंद यांच्याकडेच राहिले. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन यांनी जिनीव्हा येथे याच्या उलट टोकाची व्यवस्था उभी केली. बायबलमधील दावीदाची स्तोत्रे लोकभाषेत छंदोबद्ध करायची, प्रत्येक स्तोत्राला एकच साधी चाल द्यायची, वाद्य वापरायचे नाही आणि सर्वांनी एकाच सुरात गायचे, असे तिचे स्वरूप होते. जिनीव्हाची स्तोत्रसंहिता १५६२ साली पूर्ण झाली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये स्टर्नहोल्ड व हॉपकिन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी संपूर्ण इंग्रजी स्तोत्रसंहिताही छापून निघाली. गाण्याने मन शब्दांपेक्षा सुरांतच जास्त रमते की काय, ही संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात व्यक्त केलेली धास्ती कॅल्व्हिनपंथीयांच्या मनात खोलवर रुजलेली होती. त्यामुळे सुरांचे सौंदर्य हा त्यांच्या दृष्टीने साशंकतेचा विषय होता, आणि ज्या गोष्टीकडे साशंकतेने पाहायचे ती शिकवण्याची तसदी कोणी घेत नाही. पुढच्या शतकातील बेसुराचे एक मूळ येथे आहे.

दुसरे मूळ छंदात आहे. इंग्रजी स्तोत्रे बहुतांशी ज्या वृत्तात बांधलेली होती त्यात आठ आणि सहा अक्षरांच्या ओळी आलटून पालटून येतात, आणि ते इतके सर्रास वापरले गेले की त्याचे नावच ‘सामान्य वृत्त’ असे पडले. सहा-सहा-सहा-चार अशा अक्षरांचा अभंग जसा अभंगाच्या कोणत्याही चालीवर म्हणता येतो, तसेच या वृत्तातील कोणतेही स्तोत्र त्या मापाच्या कोणत्याही चालीवर बसत असे. परिणामी दीडशे स्तोत्रांसाठी मूठभर चाली पुरू लागल्या. इंग्लंडमधून अटलांटिकपार गेलेल्या प्युरिटन वसाहतकऱ्यांनी १६४० साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ‘बे साम बुक’ हे स्वतःचे स्तोत्रपुस्तक छापले. इंग्रजांच्या उत्तर अमेरिकी वसाहतींत छापलेले ते पहिले पुस्तक होय. त्यात मूळ हिब्रूशी जास्तीत जास्त इमान राखण्याचा आग्रह होता, मात्र स्वरलिपीची एकही ओळ नव्हती. चाली लोकांना पाठ आहेत असे गृहीत धरलेले होते, आणि या पुस्तकात तेरा चाली स्वरलिपीसह छापल्या गेल्या त्या १६९८ सालच्या नवव्या आवृत्तीत, म्हणजे तब्बल अठ्ठावन्न वर्षांनी. तोवर समुद्र ओलांडून आलेली आणि त्या चाली मायदेशी शिकलेली पिढी मातीआड झाली होती, आणि तिच्या नातवंडांना जे ऐकू आले होते तेवढेच त्यांच्या कंठात उरले होते.

तिसरे कारण निरक्षरता आणि पुस्तकांची टंचाई यांतून आले. इंग्लंडमधील वेस्टमिन्स्टर धर्मसभेने १६४५ च्या सुमारास अमलात आलेल्या उपासनाविधीत, ज्या मंडळीत अनेकांना वाचता येत नाही तेथे पाळकाने किंवा अन्य योग्य व्यक्तीने स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचून दाखवावी आणि मग मंडळीने ती गावी, अशी तात्पुरती सोय सुचवली होती. तात्पुरत्या सोयींचे जे होते तेच हिचेही झाले. प्लिमथ येथील मंडळीने १६८१ साली ही पद्धत स्वीकारली आणि हळूहळू ती जवळजवळ सर्वत्र रूढ झाली. कीर्तनात किंवा भजनात पुढचा गायक ओळ म्हणतो आणि मागचे टाळकरी ती उचलतात तेव्हा पुढच्याचा सूर आणि ठेका मागच्यांपर्यंत अखंड पोहोचतो. येथे मात्र ओळ बहुधा वाचली जाई किंवा एकाच स्वरात पुटपुटली जाई, गाणे मध्येच थांबे, आणि पुन्हा सुरू करताना प्रत्येकाला सूर नव्याने हुडकावा लागे. शिवाय वाक्य ओळीच्या शेवटी संपतेच असे नाही. कर्ता एका ओळीत आणि नकार दुसऱ्या ओळीत पडला की काही क्षण देवाविषयी भलतेच विधान चर्चच्या छताखाली घुमत राही.

या तिन्ही कारणांचा संकलित परिणाम म्हणजे ज्याला नंतर ‘गाण्याची जुनी रीत’ असे नाव मिळाले ती गायनपद्धती. तिचे सर्वांत तपशीलवार, आणि अर्थातच विरोधी, वर्णन रॉक्सबरी येथील पाळक थॉमस वॉल्टर यांनी १७२१ साली केले आहे. त्यांच्या सांगण्यानुसार पाचशे माणसे एकाच वेळी पाचशे निरनिराळ्या चाली ओरडत आहेत असा भास होई, गाणारे एकमेकांपेक्षा एक-दोन शब्द पुढेमागे असत, प्रत्येक अशिक्षित गळा मूळ चालीला हवे तसे वळण देई, आणि गती इतकी मंद असे की एकाच स्वरावर आपल्याला दोनदा श्वास घ्यावा लागला, असे ते नोंदवतात. पाद्रीबोवांची अतिशयोक्ती वजा केली तरी चित्र पुरेसे स्पष्ट राहते. वाद्य नाही, स्वरलिपी नाही, ताल धरणारा कोणी नाही, अशा स्थितीत मोठा समुदाय गाऊ लागला की प्रत्येक जण पुढच्या स्वरासाठी शेजाऱ्याची वाट पाहतो आणि शेजारी त्याची. अशा परस्परांच्या प्रतीक्षेत गती उत्तरोत्तर मंदावते, आणि लांबलेल्या स्वराच्या पोकळीत धीट गायक आपापल्या हरकती भरू लागतात.

वाद्य नसणे हा योगायोग नव्हता. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४४ साली चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला होता, आणि त्या वृत्तीचा पगडा न्यू इंग्लंडवर त्यानंतरही दीर्घकाळ राहिला. टॉमस ब्रॅटल या बोस्टनच्या धनिकाने मृत्युपत्राद्वारे १७१३ साली एका चर्चला ऑर्गन देऊ केला तेव्हा त्या मंडळीने तो नम्रपणे नाकारला, आणि अखेर तो अँग्लिकन पंथाच्या किंग्ज चॅपलमध्ये गेला.

अग्रगायकाची, म्हणजे ज्याने चाल लावून द्यायची त्या सभासदाची, काय अवस्था होई याचा अस्सल पुरावा न्यायाधीश सॅम्युएल सिवॉल यांच्या रोजनिशीत मिळतो. सेलम येथील चेटूकखटल्यांत न्यायासनावर बसलेले आणि पुढे १६९७ साली भर मंडळीत उभे राहून त्याबद्दल पश्चात्ताप जाहीर करणारे हे गृहस्थ बोस्टनच्या साउथ चर्चमध्ये चाल लावून देण्याचे काम दोन तपे करीत होते. १७०५ सालच्या एका नोंदीत ते लिहितात की ‘विंडसर’ ही चाल लावायचे मनात असताना गळ्यातून भलतीच चाल निघाली, ती सोडून दुसरी धरू पाहिली तर पट्टी फार वरची लागली, आणि शेवटी दुसऱ्या एका सभासदाला विनंती करून त्याच्याकडून चाल लावून घ्यावी लागली. १७१८ च्या फेब्रुवारीत तर त्यांनी ‘यॉर्क’ ही चाल सुरू केली असता गॅलरीत बसलेल्यांनी दुसऱ्याच कडव्याला ती ‘सेंट डेव्हिड’ या चालीत ओढून नेली, आणि तीन आठवड्यांनी हाच प्रकार पुन्हा घडला. दोन्ही चाली एकाच मापाच्या, त्यामुळे शब्दांची कोणतीही अडचण न होता सबंध मंडळी एका चालीतून दुसरीत घसरू शकत असे. सिवॉल यांनी याचा अर्थ, आता ही जागा अधिक चांगल्या आवाजाच्या माणसाला सोडावी असा ईश्वरी संकेत आहे, असा लावला. चोवीस वर्षे हे काम आपल्याकडून करवून घेतल्याबद्दल देवाच्या सहनशीलतेचे त्यांनी आभार मानले, परंतु मंडळीच्या सहनशीलतेचा उल्लेख मात्र तेथे आढळत नाही. बेसूर गायनावरच्या साहित्यात गाणाऱ्याने स्वतःच्या गळ्याविषयी दिलेली साक्ष फार विरळ आहे, आणि म्हणूनच या छोट्या नोंदींचे मोल वॉल्टर यांच्या सगळ्या टीकेपेक्षा अधिक मानले पाहिजे.

सुधारणेची चळवळ पाळकवर्गातून उठली. ब्रॅडफर्डचे पाळक थॉमस सिम्स यांनी १७२० साली ‘नियमबद्ध गायना’च्या समर्थनार्थ पुस्तिका प्रसिद्ध केली. नियमबद्ध गायन म्हणजे कानावर विसंबून न गाता स्वरलिपी वाचून, ठरलेल्या मात्रांत, सर्वांनी सारखे गाणे. पुढल्या वर्षी न्यूबरीचे जॉन टफ्ट्स यांनी नवशिक्यांसाठी एक छोटे पुस्तक काढले. त्यात पाच रेघांवर नेहमीची स्वरचिन्हे न मांडता ‘फा, सोल, ला, मी’ या स्वरनामांची आद्याक्षरे मांडली होती आणि अक्षरापुढील ठिपक्यांवरून स्वराची लांबी दाखवली होती. ज्याला अक्षरओळख आहे त्याला गाणेही वाचता यावे, हा त्यामागचा साधा आणि खरोखर कल्पक हेतू होता. वॉल्टर यांचे पुस्तकही १७२१ चेच. ते बोस्टनमध्ये जेम्स फ्रँकलिन यांच्या छापखान्यात छापले गेले, जेथे त्या काळी त्यांचे धाकटे बंधू बेंजामिन उमेदवारी करीत होते. वॉल्टर यांचे मामा कॉटन मेदर या वजनदार धर्मशास्त्रज्ञानेही त्याच वर्षी सुधारणेच्या बाजूने लेखणी उचलली, आणि लगोलग बोस्टनमध्ये नियमबद्ध गायनाच्या प्रसारासाठी एक मंडळही स्थापन झाले. एका लहानशा वसाहतीत तीन-चार वर्षांत इतका मजकूर केवळ गाण्यावर लिहिला जावा, यावरून दुखणे किती जुने होते ते कळते.

विरोधकांची बाजू मुख्यतः सिम्स यांच्याच १७२३ च्या संवादात्मक पुस्तिकेतून कळते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. प्रतिपक्षाचे आक्षेप विजयी पक्षाने लिहून ठेवावेत, ही इतिहासातील नेहमीची अडचण येथेही आहे. तरीही ते आक्षेप वाचनीय आहेत. ही रीत नवी आहे, ती परक्या भाषेसारखी वाटते, ती नेहमीच्या रीतीइतकी गोड नाही, इतक्या चाली कोणाला पाठ होणार, हिच्यामुळे मंडळीत भांडणे लागतात आणि भल्या माणसांना क्लेश होतात, ही रोमच्या पोपकडे जाण्याची पहिली पायरी आहे, आज स्वरलिपी आली तर उद्या वाद्ये येतील, स्वरांची नावेच मुळी अभद्र आहेत, आपले वाडवडील हिच्यावाचून स्वर्गात गेले, हा सगळा पैसे उकळण्याचा डाव आहे, शिकण्याच्या निमित्ताने तरुण मुले रात्री उशिरापर्यंत बाहेर राहतात, आणि शेवटी, हे शिकणारे सगळे कालचे पोर आहेत. यांतील काही आक्षेप हास्यास्पद आहेत हे खरे, परंतु निदान तीन पूर्णपणे खरे ठरले, याची नोंद सिम्स यांचे चाहते क्वचितच घेतात. वाद्ये आली, भांडणे लागली आणि तरुण मुले उशिरापर्यंत बाहेर राहिली. ‘ही रीत नवी आहे’ या आक्षेपाला सिम्स यांनी दिलेले उत्तर मात्र बिनतोड होते. छापील स्वरांनुसार गाणे हेच पूर्वजांचे गाणे असून जिला आज जुनी म्हणतात ती गेल्या काही दशकांत रुळलेली बेशिस्त आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

भांडण कोणत्या थराला गेले ते साउथ ब्रेनट्री येथील प्रकरणावरून दिसते. तेथील पाळकाने नियमाने गाण्याचा हट्ट धरणाऱ्या सात-आठ सभासदांना मंडळीतून निलंबित केले. १७२३ साली शेजारच्या मंडळ्यांची परिषद बसली, तिने निलंबन अन्याय्य ठरवून त्या सभासदांना परत घेतले, आणि दोन्ही पक्षांच्या समाधानासाठी यापुढे आळीपाळीने एकदा कानावरून आणि एकदा नियमाने गावे असा निवाडा दिला. धर्मसंस्थांच्या इतिहासात इतका न्याय्य आणि इतका कर्णकटू तोडगा दुसरा नसेल.

या वादाचा निकाल सुधारकांच्या बाजूने लागला म्हणून सुधारकांनी केलेले वर्णन अनेक वर्षे जसेच्या तसे स्वीकारले गेले. विसाव्या शतकात संगीताच्या अभ्यासकांनी त्याची फेरतपासणी केली, आणि त्यात निकोलस टेम्परली यांनी १९८१ साली केलेली मांडणी विशेष महत्त्वाची आहे. जुनी रीत ही एखाद्या गावची विकृती नसून, वाद्य आणि लिखित स्वर यांच्यावाचून पिढ्यानपिढ्या गाणाऱ्या समूहांत ती आपोआप घडत जाते, इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील खेड्यांतही ती होती, आणि तिला स्वतःची अंतर्गत संगती आहे, असा त्या मांडणीचा आशय आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील लुईस बेटावर गेलिक भाषेत, केंटकीच्या डोंगराळ भागातील जुन्या बाप्टिस्ट मंडळ्यांत आणि आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांच्या अनेक चर्चमध्ये ओळ सांगून संथ, लांबवलेल्या, प्रत्येकाच्या वेगळ्या हरकतींनी भरलेल्या सुरांत गाण्याची रीत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही टिकून राहिली आहे. तिचे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला तो गोंगाट वाटत नाही. एकाच चालीची अनेक रूपे एकाच वेळी गाण्याच्या या प्रकाराला संगीतशास्त्रात बहुरूप गायन म्हणता येईल, आणि हार्मोनियमची साथ गायकाच्या आलापामागून जाते तेव्हा भारतीय श्रोता याच्याच एका प्रकाराचा आस्वाद घेत असतो.

मात्र या फेरतपासणीमुळे सगळेच बेसूर सुरेल ठरतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. सिवॉल यांना लागलेली वरची पट्टी ही कोणत्याही लोकपरंपरेची अंतर्गत संगती नव्हती, ती फक्त वर लागलेली पट्टी होती. जुन्या रीतीच्या आजच्या टिकून असलेल्या रूपांत अग्रगायक तयारीचा असतो आणि मंडळी लहानपणापासून त्याच्यामागे गात आलेली असते, म्हणजे तेथेही शिक्षण असते, फक्त ते कागदावर नसते. सुधारकांची चूक त्यांच्या कानांत नव्हती. लिहिलेले तेच शिकलेले, असे त्यांनी धरून चालणे ही ती चूक होती, आणि तिचे फळ त्यांच्या पुढच्या पिढ्यांना मिळाले.

सुरुवातीला ते फळ गोडच होते. गावोगावी फिरणारे संगीतशिक्षक हिवाळ्यात काही आठवड्यांच्या गायनशाळा भरवू लागले, आणि त्यांत तरुण मुलामुलींची गर्दी होऊ लागली. नॉर्थॅम्प्टनचे पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी १७३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात, मंडळीतील पुरुष तीन भागांत आणि स्त्रिया स्वतंत्र भागात नीट गातात, याचा अभिमानाने उल्लेख केला आहे. येथे ‘भाग’ म्हणजे एकाच वेळी गायच्या, परस्परांना पूरक अशा निरनिराळ्या स्वरपंक्ती. परंतु जो गायनशाळेत शिकला तो शाळा सुटल्यावर आपल्या सोबत्यांपासून दूर, न शिकलेल्या काका-मामांच्या शेजारी बसायला राजी होईना. शिकलेल्यांनी गॅलरीत एकत्र बसण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि अशा रीतीने जेथे सर्वांनी नीट गावे म्हणून चळवळ झाली तेथेच निवडक गायकांचा वृंद उभा राहिला. बोस्टनमधील चामडे कमावणारे विल्यम बिलिंग्ज यांनी १७७० साली स्वतःच्या रचनांचे पुस्तक काढले तेव्हा त्यातील संगीत या वृंदांसाठीच होते. त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या ज्या रचनांत निरनिराळे भाग एकामागून एक प्रवेश करतात आणि शब्द एकमेकांवर आदळतात, त्या बाकांवर बसलेल्या सामान्य उपासकाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

वूस्टर गावाने १७७९ च्या ऑगस्टमध्ये ठराव केला की गायकांनी समोरच्या गॅलरीत बसावे आणि ओळ सांगण्याची पद्धत बंद करावी. पुढच्या रविवारी एक वृद्ध डिकन, म्हणजे मंडळीचा सेवाधिकारी, नेहमीप्रमाणे उभा राहून ओळ सांगू लागला, आणि गायक न थांबता पुढे गात राहिले. त्याने आवाज चढवला, त्यांनीही चढवला, आणि अखेर तो आपली टोपी उचलून डोळ्यांत पाणी घेऊन बाहेर पडला. पूर्वी ज्या गॅलरीने सिवॉल यांची चाल नकळत पळवली होती तिने आता डिकनचा आवाज समजून-उमजून बुडवला. गाणे सुधारले यात शंका नाही, पण ज्यांचे गाणे वाईट होते ते सुधारून चांगले गाऊ लागले असे मात्र झाले नाही. त्यांच्यातील पुष्कळ जण नुसते गप्प झाले. एकोणिसाव्या शतकात बोस्टनचे लॉवेल मेसन यांनी सोप्या, भारदस्त चालींच्या पुस्तकांद्वारे आणि १८३८ पासून सार्वजनिक शाळांत संगीतशिक्षण सुरू करून हा तोल पुन्हा सावरण्याचा प्रयत्न केला. तरीही शतकाच्या उत्तरार्धात शहरांतील श्रीमंत चर्चमध्ये चार पगारी गायकांनी गावे आणि मंडळीने ऐकावे, ही प्रथा फोफावली. लाओदिकियाचा नियम कॅल्व्हिनच्या वारसांनी कोणतीही परिषद न भरवता पुन्हा अमलात आणला.

इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी १७६१ साली आपल्या अनुयायांना गाण्याविषयी ज्या सूचना दिल्या त्यांत हा पेच ओळखलेला दिसतो. सर्वांनी गावे, अर्धमेल्यासारखे गाऊ नये, पण इतरांपेक्षा वरचढ ओरडूही नये, इतरांच्या पुढे धावू नये आणि मागे रेंगाळू नये, असा त्यांचा आशय आहे. या सूचना अर्थातच बेसूर माणसासाठी आहेत, सुरेल माणसाला त्या देण्याची गरज नसते. त्यांत कोणालाही गप्प बसण्याची सूचना नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अलीकडच्या दशकांत मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासांतूनही असे दिसते की बेसूर गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्वरांतील फरक ऐकू येतो, अडचण ऐकलेला स्वर गळ्यातून नेमका काढण्याची असते, आणि जन्मतःच स्वर न कळणारी माणसे फार थोडी असतात. गळ्याची अडचण सरावाने बरीच कमी होते.

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध दूरान्वयाचा नाही. ज्या मंडळ्यांमध्ये हा वाद झाला त्यांच्याच वारसांनी १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन केले, आणि त्या बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र झाले. मिशनऱ्यांबरोबर त्यांच्या चालीही आल्या, आणि त्यांवर मराठी शब्द बसवताना एक नवीच आपत्ती ओढवली. इंग्रजी चालीचा ठोका आघातावर पडतो. मराठीत तसा जोरकस आघात नसून ऱ्हस्व-दीर्घाचा भेद असतो, आणि छंद जुळवण्याच्या भरात ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर आणि दीर्घ अक्षर तोकड्या स्वरावर पडले की उत्तम गळ्याचा मनुष्यही बेसूर नसला तरी बेढब ऐकू येतो. चार भागांसाठी रचलेल्या चालीतील एकच वरचा भाग स्त्रीपुरुषांनी मिळून गायचा, तोही पट्टी उंच असताना, ही त्यात आणखी भर. ज्या गाण्याला वाईट म्हणून हिणवले जाते त्याचा दोष पुष्कळदा गळ्याकडे नसून जोडणीकडे असतो, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणार नाही.

गोव्यातील परिस्थिती निराळी होती. तेथे सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळांत संगीतशिक्षक मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि वाद्य शिकवीत, आणि त्या शिक्षणाची खोली एवढी होती की पुढे लष्करी बँडपासून मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांपर्यंत गोव्याचे वादक सर्वत्र दिसू लागले. महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट मंडळ्यांना अशी शाळा मिळाली नाही. त्यांना उपाय मिळाला तो दुसऱ्या दिशेने. कीर्तन आणि भजन हे देशी प्रकार ख्रिस्ती आशयासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात वापरले जाऊ लागले, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, पदे आणि भजने यांची जी विपुल रचना केली तिने मराठी उपासनेचा कंठ मोकळा केला. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांना मानाचे स्थान आहे. टिळकांनी संगीताचे नियम शिकवले नाहीत. ज्या चाली मराठी माणसाच्या कानावर जात्यावर, देवळात आणि वारीत आधीच संस्कार करून गेल्या होत्या त्यांच्याशी जुळणारे शब्द त्यांनी दिले, आणि पुढे टाळ, तबला व पेटी यांनी तालाचा प्रश्न सोडवला.

आज मराठी मंडळ्यांपुढे असलेला धोका मात्र १७२१ च्या आणि १७७९ च्या धोक्यांचे मिश्रण आहे. बहुतेकांच्या हाती शब्दांची प्रत असते आणि चाल ज्येष्ठांच्या कानांतच असते, म्हणजे ‘बे साम बुक’ची उणीव येथेही आहे. दुसरीकडे अनेक ठिकाणी ध्वनिवर्धक हाती असलेला चार-पाच तरुणांचा संच आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यांच्यापुढे बाकांवरील आवाज कोणाला, अगदी गाणाऱ्याला स्वतःलाही, ऐकू येत नाही. तो बेसूर आहे की सुरेल, हा प्रश्नच मग उरत नाही. हे टाळायचे असेल तर जुन्या चाली ज्यांना येतात अशा ज्येष्ठ सभासदांचे ध्वनिमुद्रण आणि स्वरलेखन आताच झाले पाहिजे, पट्टी गायकसंचाच्या सोयीने न ठरवता सामान्य गळ्याच्या सोयीने दोन स्वर खाली धरली पाहिजे, आणि वर्षातून काही आठवडे तरी उपासनेपूर्वीचा अर्धा तास सबंध मंडळीला, संचाला वेगळे न बसवता, एकत्र गाणे शिकवण्यासाठी राखून ठेवला पाहिजे. पाळक, वडील आणि गायनप्रमुख यांनी या तीन गोष्टी आपापल्या मंडळीच्या पुढच्या वार्षिक सभेपुढे ठेवाव्यात, अशी विनंती आहे.